सममित घटक : शेतीपंपाच्या थ्री फेज विजेतले रेषीय बीजगणित

असमतोल थ्री फेज वीज तीन समतोल संचांत फोडण्याच्या पद्धतीला सममित घटक म्हणतात. चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी ती १९१८ साली मांडली. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात खोल बोअरमधली मोटार का जळते, हे एका ३×३ मॅट्रिक्सवरून (तीन ओळी, तीन स्तंभांत मांडलेल्या संख्या) बरेचसे कळते.

अ म्हणजे १२०° फिरवणारा गुणक; अ³ = १ आणि १ + अ + अ² = ०. आर, वाय, बी या फेजच्या व्होल्टेजवरून :

धन = (आर + अ·वाय + अ²·बी) ÷ ३
ऋण = (आर + अ²·वाय + अ·बी) ÷ ३
शून्य = (आर + वाय + बी) ÷ ३

धन संच मोटार सरळ फिरवतो, ऋण संच उलट ओढतो. समतोल लाइनच्या इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर, म्हणजे मॅट्रिक्सने गुणले तरी स्वरूप न बदलणारे संच, नेमके हेच तीन असतात. त्यामुळे एकमेकांत गुंतलेली तीन समीकरणे सुटी होतात. तिन्ही तारांची मांडणी सारखी नसेल तर थोडी गुंतागुंत उरते. गावच्या लाइनवर ती बहुधा दुर्लक्षिली जाते.

डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) ११ केव्ही बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला असे समजा. डेल्टा-स्टार (११ केव्ही बाजूला त्रिकोणी, गावच्या बाजूला तारा जोडणी) ट्रान्सफॉर्मरवर मोटारी बंद असताना एका फेजला २४० व्होल्ट मिळतात, उरलेल्या दोघींना जेमतेम १२०, तेही उलट दिशेने. म्हणून गावात काही घरी दिवे लख्ख, काही घरी मिणमिणते. गणित केले तर धन आणि ऋण दोन्ही १२० येतात, शून्य घटक शून्य. उभ्या मोटारीवर दोन्ही जोर समान आणि विरुद्ध असल्याने ती नुसती घूं-घूं करते आणि सुरू होण्याच्या वेळचा भारी प्रवाह खेचत राहते. ऑटोस्विच (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा) असेल आणि रात्री पाळत नसेल, तर रिवाइंडिंग ठरलेले.

असमतोल थोडा असला तरी महाग पडतो. फेज-फेज रीडिंग ४००, ३८०, ३६० असेल, तर सरासरीपासूनचा सर्वांत मोठा फरक ५.३ टक्के, खरे ऋण-धन गुणोत्तर मात्र ६.१ टक्के. ऋण प्रवाहाला मोटारीचा अडथळा जवळजवळ उभ्या मोटारीइतकाच असतो. सुरुवातीचा प्रवाह पूर्णभाराच्या सहापट धरला, तर ६ टक्के ऋण व्होल्टेजने सुमारे ३६ टक्के ऋण प्रवाह वाहतो. रोटरमध्ये त्याची वारंवारता १०० हर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे रोटर तापतो.

दुरुस्तीनंतर दोन वायरी अदलाबदल झाल्या, तर धन आणि ऋण जागा बदलतात : पंप उलटा फिरतो, आवाज येतो पण पाणी कमी पडते. कोणत्याही दोन वायरी पुन्हा बदलल्या की काम झाले.

प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारे उपकरण) निवडताना एक बाब पाहावी. चालू मोटार तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज निर्माण करते, म्हणून फक्त व्होल्टेज पाहणारा प्रिव्हेंटर फसू शकतो. तिन्ही फेजचा प्रवाह मोजणाराच घ्यावा, आणि त्याचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये जोडावा.