अळीला बीटीची सवय झालेली नाही

कपाशीत डोमकळ्या, म्हणजे बोंडअळी लागल्याने नीट न उमलणारी फुलं, दिसू लागल्या की यवतमाळ-वर्ध्याकडच्या कृषी केंद्रांवर दरवर्षी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अळीले बीटीची सवय झाली बाप्पा." गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीतलं विष थोडं थोडं पचवत धीट होत गेली, असा यामागचा समज आहे. तसं काहीच घडलेलं नाही. बीटी बोंडात शिरलेली अळी एक तर मरते, नाही तर ती जन्मतःच त्या विषाला दाद न देणारी असते. हा फरक तिच्या डीएनएमध्ये असतो, आणि तो नेमका कुठे असतो हे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं आहे.

2002 साली आपल्याकडे मंजूर झालेल्या बीटी कपाशीत मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचा क्राय-1-एसी हा जनुक आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, पेशी त्यावरून एक प्रथिन बनवतात; अळीसाठी तेच विष. अळीने बोंड कुरतडलं की हे प्रथिन तिच्या आतड्यात जातं आणि तिथल्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. मग त्याचे रेणू एकत्र येऊन पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात. पेशी फुगून फुटतात, अळी मरते. कॅडहेरिनला चिकटणंच जमलं नाही तर पुढचं सगळं अडतं.

आता कॅडहेरिन बनतं कसं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. त्याची माहिती अळीच्या डीएनएमध्ये ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली असते. तलाठ्याचं मूळ दप्तर कार्यालयातच राहतं आणि आपल्या हाती सातबाऱ्याचा उतारा येतो, तसा डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहतो आणि बाहेर जाते ती त्याची आरएनए प्रत. या प्रतीत टीच्या जागी यू असतो. पण ही प्रत लगेच वापरता येत नाही. जनुकातला मजकूर सलग नसतो. कामाच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे एक्झॉनांमध्ये, इंट्रॉन नावाचे लांबलचक तुकडे घुसलेले असतात, आणि पहिल्या प्रतीत तेही उतरतात. आरएनए आणि प्रथिनं मिळून बनलेलं एक यंत्र हे इंट्रॉन कापतं आणि एक्झॉन एकमेकांना जोडतं. कापायचं कुठे? बहुतेक इंट्रॉन जीयू या अक्षरांनी सुरू होतात आणि एजीने संपतात. या खुणा आणि त्यांच्या आसपासची अक्षरं बघून यंत्र काम करतं. तिथली अक्षरं बिघडली, गळली किंवा मध्येच डीएनएचा भलताच तुकडा घुसला, की यंत्र दुसरीकडे कापतं. कधी अख्खा एक्झॉन फेकला जातो, कधी इंट्रॉन तसाच राहतो. पुढे रायबोसोम ही प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचतो. 64 त्रिकुटांपैकी 61 अमिनो आम्लं सांगतात, तीन 'थांब' म्हणतात. चुकीच्या जोडणीमुळे 'थांब' आधीच आलं, तर प्रथिन अर्धवट राहतं.

भारतातल्या प्रतिकारक्षम बोंडअळ्यांमध्ये हेच सापडलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कॅडहेरिन जनुकाची आठ बिघडलेली रूपं मिळाली आणि त्यांच्यापासून बनलेल्या आरएनएच्या 19 तऱ्हा. प्रत्येक तऱ्हेत एक तर अवेळी 'थांब' होतं, किंवा किमान 99 अक्षरं गायब होती, किंवा दोन्ही. एकच बिघडलेला जनुक, पण कापण्या-जोडण्यातल्या फरकाने त्याच्यापासून वेगवेगळे आरएनए बनत होते. 2006 साली आलेल्या बीजी-टू या पुढच्या बीटी कपाशीमध्ये क्राय-2-एबी हे दुसरं प्रथिनही आहे. अळीने त्यावरही मात केली, पण ती वेगळ्या जनुकातल्या बिघाडातून.

असा बिघाड अळीला वाचवतो तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच. एक जनुक धड असला की अळी मरते. म्हणून पूर्वी 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम साधी सरकी दिली जायची. ती पेरलेल्या ओळींवर वाढलेले साधे पतंग वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जोडी जमवतील आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतील, असा हिशोब होता. ते छोटं पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकलं. शेतकऱ्याला दोष देताना मला संकोच वाटतो, कारण त्या पाकिटाचं काम काय, हे त्याला नीट सांगितलंच गेलं नाही.

उलट 'यात अळी येतच नाही' म्हणून चोर बीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं बियाणं, गळ्यात मारणारे गावोगाव फिरतात. त्या बियाण्यात जादा घातलेला जनुक तणनाशक सोसण्यासाठी आहे. बोंडअळीच्या आतड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

कॅडहेरिन बिघडलेला नर पतंगसुद्धा मादीच्या वासाने येतोच, त्यामुळे त्या वासाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात तोही अडकतो. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे उभ्या पऱ्हाट्यांवरचं वाढीव पीक, न ठेवता पऱ्हाट्या उपटून टाकल्या, तर अळीचा जनुक कुठलाही असो, तिला खायला बोंडच उरत नाही.