गाडी तापली? आधी थांबा, मग फोन करा
जुनी बोलेरो, सुमो, पिकअप आणि 407 चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

उन्हाळा लागला की घोटीच्या आमच्या गॅरेजात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. "कसारा घाट चढताना काटा लालमध्ये गेला होता. पण नंतर आपोआप खाली आला, म्हणून तशीच घेऊन आलो." त्या खाली आलेल्या काट्यासाठीच हे पत्रक छापलंय.

टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. होज (पाण्याचा रबरी पाइप) फुटला, पाणी निघून गेलं, की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. गाडी गार झालेली नसते, पाणी संपलेलं असतं. तशा अवस्थेत गाडी आमच्यापर्यंत आणली की पाचशे-सातशेचा होज राहतो बाजूला आणि हेड (इंजिनचा वरचा, सिलिंडर झाकणारा भाग) उतरवावं लागतं.

तेव्हा काटा चढायला लागला की एसी बंद करा, हिटर फुल्ल सोडा (घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते) आणि जागा मिळताच बाजूला घ्या. काटा चढतोय आणि बॅटरीचा लाल दिवाही लागलाय, तर बहुतेक फॅन बेल्ट तुटलाय. मग एक किलोमीटरही नको. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते कुकरच्या झाकणासारखं आहे. आत दाब असतो, म्हणून पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलंत की उसळून तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा. वरचा होज हातात धरवला, की फडकं टाकून हळू उघडा. तापल्या इंजिनात बाटलीतलं गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. असं हेड फेसिंगने (मशीनवर घासून सपाट केल्याने) सुधरत नाही.

"हेड कशाला पाठवता, गॅसकेट टाका आणि द्या," असं बरेच जण म्हणतात. गॅसकेट म्हणजे हेडखालचं पॅकिंग. आम्ही हेडवर सरळ पट्टी ठेवून खालची फट फीलर गेजच्या पातळ पात्यांनी बघतो. वाकलं असेल तर फेसिंग, तड्याचा संशय असेल तर प्रेशर टेस्ट. हे काम नाशिकला होतं, म्हणून दोन-तीन दिवस मोडतात. एका दिवसात करून देणारेही आहेत. त्यांनी केलेली काही हेडं पुढे आमच्याच टेबलावर येतात, तेव्हा गॅसकेटचा खर्च दुसऱ्यांदा होतो.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगू नका. तो नसेल तर इंजिन थंडच धावतं, डिझेल जास्त खातं, आणि मूळ दुखणं चोंदलेल्या रेडिएटरमध्ये तसंच राहतं. चोंदतो कशाने? वर्षानुवर्षं विहिरीचं, बोअरचं पाणी भरून. त्यातला क्षार नळ्यांत बसतो. अडचणीत साधं पाणी चालेल, पण नंतर कूलंट भरून घ्या. तयार मिळणाऱ्या कूलंटमध्ये पाणी घालायचं नसतं. घट्ट, पाणी न मिसळलेलं असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

जुन्या गाडीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आम्ही त्यांतले नाही. सुमो 2019 मध्ये बंद झाली, तरी तिचे पार्ट आम्हाला मिळतात. हप्ता नाही, काम समजण्यासारखं, आणि बहुतेक बिघाड पान्यानेच निघतो. मात्र पाण्याची काळजी तिला घ्यावीच लागते. दर दोन वर्षांनी कूलंट बदला, सोबत झाकण आणि बेल्टही बघून घ्या. लग्नसराईच्या आधी आणलीत तर सर्व्हिसिंगमध्येच होज, झाकण, वॉटर पंप तपासून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

घाटातून टोचन करून आणायची सोय आहे. टोचनाचे पैसे जास्त वाटतात खरे, पण हेडच्या बिलापुढे ते काहीच नाहीत. रविवारी गॅरेज बंद असतं, फोन चालू असतो. थांबलात कुठे आणि बेल्ट जागेवर आहे का, एवढं आधी सांगा, म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन निघेल.