गार्डन ट्रॅक्टरमधील डिझेल इंजिन-बदल

बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरचे मूळ पेट्रोल इंजिन उतरवून त्याच चासीवर डिझेल इंजिन बसवण्याचे काम. गार्डन ट्रॅक्टर शेतीच्या ट्रॅक्टरपेक्षा बराच लहान, पण नुसत्या गवत कापायच्या गाडीपेक्षा दणकट असतो. गवत कापणे, हलकी नांगरणी, माती किंवा बर्फ लोटणे, छोटी ट्रॉली ओढणे ही त्याची कामे. १९६० आणि १९७०च्या दशकांत बनलेल्या अशा अनेक ट्रॅक्टरांचा बिडाचा गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल आजही धडधाकट असतो. थकलेले असते ते एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे इंजिन. चांगला सांगाडा भंगारात जाऊ नये, ही या खटाटोपामागची खरी ओढ.

छोट्या यंत्रात डिझेल बसते हे जुन्या काळीच सिद्ध झाले आहे. यान्मार या जपानी कंपनीने १९३३ साली व्यवहारात चालणारे छोटे डिझेल इंजिन बाजारात आणले. १९८०च्या दशकात कब कॅडेट ७८२डी हा ट्रॅक्टर कुबोटाच्या, तर जॉन डिअर ४३० हा यान्मारच्या तीन सिलिंडरच्या डिझेलवर कारखान्यातूनच बाहेर पडत होता. इंजिन बदलू पाहणाऱ्याने अशा ट्रॅक्टरांची मांडणी आधी नीट न्याहाळावी. अर्धी उत्तरे तिथेच सापडतात.

जुन्या छोट्या पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण सहा ते आठ पट दाबले जाते आणि स्पार्क प्लग ते पेटवतो. डिझेलमध्ये फक्त हवा, साधारण अठरा ते चोवीस पट दाबली जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवेची वाट अडवणारा थ्रॉटल नसतो. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग राखणारा भाग, फक्त डिझेलचे प्रमाण बदलतो. त्यामुळे उंच गवतात शिरल्यावर इंजिन दबत नाही, कमी फेऱ्यांतही ओढ टिकते. डिझेलही कमी लागते. मात्र तेवढ्या बचतीतून बदलाचा खर्च भरून निघेल, अशी आशा धरू नये. ओढ आणि टिकाऊपणा हवा असेल तरच हे काम हाती घ्यावे.

इंजिन निवडताना दोन वाटा असतात. यान्मार एल१०० सारखे एका सिलिंडरचे, हवेवर थंड होणारे, सुमारे दहा अश्वशक्तीचे इंजिन बसवायला सोपे, पण हादरे जबर. दुसरी वाट पाण्यावर थंड होणाऱ्या दोन किंवा तीन सिलिंडरच्या इंजिनांची. कुबोटाचे झेड४८२ हे दोन सिलिंडरचे, ४७९ सीसीचे आणि सुमारे ५३ किलोचे. डी७२२ तीन सिलिंडरचे, ७१९ सीसीचे आणि सुमारे ६३ किलोचे. शीतवाहनांची यंत्रे, दिव्यांचे फिरते मनोरे, जनरेटर यांतून अशी इंजिने जुन्या बाजारात येतात. ज्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा शाफ्ट उभा असतो, तिथे मात्र हा नाद सोडलेला बरा. उभ्या शाफ्टची डिझेल इंजिने फारच थोडी आहेत.

सगळे लक्ष अश्वशक्तीकडे जाते, पण काम जमते किंवा फसते ते शाफ्टवर. आडव्या शाफ्टची बहुतेक छोटी पेट्रोल इंजिने पीटीओच्या, म्हणजे ताकद बाहेर घ्यायच्या, टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. कुबोटाची ही डिझेल इंजिने घड्याळाच्या उलट फिरतात ती फ्लायव्हीलच्या, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाच्या, बाजूने पाहिल्यास. काही ट्रॅक्टरांत पेट्रोल इंजिनाचे पीटीओचे टोक पुढे असते आणि मागे गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट फ्लायव्हीलला जोडलेला असतो. तिथे डिझेलचे फ्लायव्हील मागे ठेवले की सगळेच उलटे फिरू लागते. साधा गिअरबॉक्स असेल तर पुढचे गिअर टाकल्यावर ट्रॅक्टर मागे जातो. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चाके फिरवणारा, असेल तर त्यात तेल पुरवणारा चार्ज पंप बहुधा एकाच दिशेने दाब देतो. ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि तसेच रेटले तर पंप कोरडा पडून खराब होतो. गवत कापायची पातीही बोथट बाजूने फिरतात. उपाय म्हणून इंजिन फिरवून फ्लायव्हील पुढे घेता येते, पण मग मागचा शाफ्ट क्रँकशाफ्टच्या पुलीकडच्या टोकाला जोडावा लागतो. त्या टोकावर किती भार आणि बेल्टचा किती आडवा ताण चालतो, हे इंजिनाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय लोखंडाला हात लावू नये.

दिशा ठरली की सेंटर मिळवायचे, म्हणजे इंजिन आणि मागचा शाफ्ट एका रेषेत आणायचे. एका फ्लँजवर, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या जोडचकतीवर, डायल गेज (बारीक सरक दाखवणारे काट्याचे माप) बसवून त्याची टोच समोरच्या फ्लँजच्या कडेवर टेकवतात. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे प्लग) काढून ठेवले की दाब तयार होत नाही आणि इंजिन हाताने सावकाश फिरवता येते. एका पूर्ण फेऱ्यात काटा जेवढा सरकतो, त्याच्या निम्म्याने सेंटर चुकलेले असते. मग माउंटिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या टेकूंखाली, पातळ पत्रे सारत पुन्हा मोजायचे. कंटाळवाणे वाटले तरी या कामात घाई करू नये. माउंटिंग रबरी असतील तर इंजिन चालताना डोलते, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना लवचीक कपलिंग लागते. एकच टोक लवचीक ठेवले की काही तासांतच रबर फाटते किंवा बोल्ट कापले जातात.

वायरिंगमध्ये एक धोका दडलेला असतो. मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे, पेट्रोल इंजिन बंद करताना इग्निशनची वायर चासीला जोडून (अर्थ करून) ठिणगी थांबवतात. सीटखालचा सुरक्षा स्विचही तेच करतो. डिझेलला ठिणगीच नसते. ते बंद करायचे तर डिझेल तोडावे लागते आणि त्यासाठीचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बहुधा वीज मिळेपर्यंतच डिझेल सोडतो. म्हणून सीटचा स्विच रिले (विजेने चालणारा स्विच) घालून नव्याने जोडावा लागतो. तो तसाच सोडला तर चालक खाली पडला तरी पाती फिरतच राहतात.

टाकीला रिटर्न लाइनसाठी, म्हणजे उरलेले डिझेल परत आणणाऱ्या नळीसाठी, तोंड पाडावे लागते आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा लागतो. पहिल्यांदा चालू करताना डिझेलच्या नळ्यांतली एअर काढायची: ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारला की आधी फेस येतो, बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. नोझल सुमारे १४० बार दाबाला उघडतो. त्याची फवार कातडीतून आत शिरते, तेव्हा गळती बोटाने चाचपू नये.

रेडिएटरपुढे बारीक जाळी हवीच, नाहीतर गवताचा भुसा त्यात अडकतो. गरम हवा चालकाच्या गुडघ्यांवर न जाता बोनेटच्या बाजूने निघेल अशी वाट ठेवावी.

शेवटचा हिशेब फेऱ्यांचा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेत असेल आणि डिझेल ३००० वर ठेवले, तर इंजिनावरच्या १५० मिमीच्या पुलीच्या जागी १८० मिमीची लावली की पात्यांचा वेग पूर्वीइतका होतो. याउलट मोठी पुली बसवून नंतर गव्हर्नरही वाढवला तर पाती बेफाम फिरतात. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९६ मीटरच्या आत बांधलेला आहे. पुली ठरवताना गव्हर्नरचा सर्वांत वरचा आकडा धरूनच हा हिशेब मांडावा.