उसनं विरजण

अमेरिकेत बॉस्टनजवळ ‘ओपनबायोम’ नावाची एक संस्था २०१२ साली सुरू झाली. तिथे नाव नोंदवलेल्या माणसाचं काम एवढंच असायचं: यायचं, पोट साफ करायचं, डब्याला झाकण लावून तो तिथल्या माणसाच्या हाती द्यायचा आणि आपल्या वाटेने जायचं. एका डब्याचे ४० डॉलर. आठवड्यातले पाच दिवस नेमाने आलात, तर वर आणखी ५० डॉलर. हसू नका, ही निवड भलतीच कठीण असायची. लांबलचक प्रश्नावली, रक्ताच्या तपासण्या, मलाच्या तपासण्या, अलीकडे अँटिबायोटिक घेतलंय का, वजन किती, कुठे कुठे फिरून आलात, पोटाचं एखादं जुनं दुखणं आहे का. एवढ्या चाळण्यांतून शंभर इच्छुकांमधले तीन-चारच खाली उरायचे. आपल्याकडच्या एखाद्या प्रवेश परीक्षेची आठवण व्हावी असा निकाल.

जमा झालेला माल सलाईनमध्ये घुसळायचा, गाळायचा, गोठताना जिवाणू मरू नयेत म्हणून त्यात ग्लिसरॉल घालायचं आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा. तिथून तो रुग्णालयांकडे जायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आतड्यात सोडला जायचा. डॉक्टर याला ‘एफएमटी’ म्हणतात, आपण मलरोपण म्हणू. वाचताना किळस आली असेल तर ते साहजिक आहे. पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते रुग्ण किळसेच्या केव्हाच पलीकडे गेलेले असतात. दिवसाला दहा-पंधरा वेळा जुलाब, पोटात मुरडा, ताप, आणि औषधाने बरं वाटून पंधरा दिवस होत नाहीत तोच पुन्हा तेच.

या दुखण्यामागचा जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, थोडक्यात सी-डिफ. तो पहिल्यांदा १९३५ साली सापडला, तोही नवजात बाळांच्या शीमध्ये. प्रयोगशाळेत वाढवायला इतका अवघड, की नावातच ‘डिफिसिल’ आलं. गंमत अशी, की ती बाळं ठणठणीत होती. म्हणजे हा जिवाणू पोटात असणं हा आजार नव्हे. त्याला मोकळं रान मिळणं हा आजार.

ते मिळतं कसं? आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. (आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू आपल्या अंगात असतात, हे जुन्या पुस्तकांतलं वाक्य तेव्हापासून बाद झालं. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे सामना जवळजवळ बरोबरीचा.) सगळे मिळून भरतात जेमतेम २०० ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. कोणी आपल्याला न पचणारा चोथा खातो, कोणी दुसऱ्याने टाकलेलं खातो. जागा धरलेल्या, अन्न वाटून घेतलेलं. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. मग कधी न्यूमोनियासाठी, कधी एखाद्या शस्त्रक्रियेनंतर अँटिबायोटिकचा जोरदार मारा होतो. औषध नेमकं त्या न्यूमोनियाच्या जिवाणूलाच मारतं असं नाही. ते आतड्यातली वस्तीही उठवतं.

सी-डिफ अशा वेळी तग धरून असतो, कारण तो बीजाणूंच्या रूपात दडी मारतो. बीजाणू म्हणजे चिलखत घालून झोपी गेलेला जिवाणू. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हाताला चोळायचं सॅनिटायझरही चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुणं हाच उपाय. आता, या झोपलेल्याला जागं करतं कोण? आपलंच पित्त. यकृतातून येणारी पित्ताम्लं बीजाणूला उगवण्याचा इशारा देतात. एरवी क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे आतड्यातले काही जिवाणू या पित्ताम्लांचं रूप पालटतात, आणि पालटलेली पित्ताम्लं सी-डिफची वाढ रोखतात. हे रूप पालटणारे कामगार अँटिबायोटिकने मेले, की इशारा शिल्लक राहतो आणि लगाम जातो. बीजाणू उगवतात, वाढतात, विषं सोडतात, आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं.

आता यावरचा रूढ उपाय कोणता? आणखी एक अँटिबायोटिक. व्हँकोमायसिनने सी-डिफ मरतो हे खरं, पण बीजाणू राहतात आणि उरलीसुरली वस्तीही पांगते. पाचातल्या एकाचं दुखणं उलटतं. एकदा उलटलं की पुढच्या खेपेला उलटण्याचा धोका आणखी वाढतो.

दुधाला विरजण लावताना आपण आधी काय करतो? दूध तापवतो. तापवल्याने दुधातले बरेचसे जिवाणू मरतात, मैदान मोकळं होतं, आणि मग कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचाभर गोळा घातला की त्यातले जिवाणू तिथे बस्तान बसवतात. विरजण न घालता तेच दूध उघडं ठेवलं, तर त्यात काय वस्तीला येईल याचा भरवसा नाही. सी-डिफचा रुग्ण म्हणजे तापवलेलं आणि विरजणाविना राहिलेलं दूध. त्याच्यावर उपाय अँटिबायोटिकच्या दुकानात मिळत नाही. शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जावं लागतं.

हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं, ते सांगणं अवघड. चौथ्या शतकातला चिनी वैद्य गे होंग याने विषबाधा आणि तीव्र जुलाबावर मलाचं पाणी पाजण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. जनावरांच्या डॉक्टरांना तर ही कल्पना मुळीच नवी नाही. रवंथ थांबलेल्या गाईच्या पोटात निरोगी गाईच्या कोठीपोटातलं पाणी सोडणं हा त्यांचा जुना उपचार. कोआलाची मादी पिलाला निलगिरीची पानं पचवायला शिकवते ती आपली खास मऊ विष्ठा खाऊ घालून. हत्तीची पिल्लंही आईची लीद खातात. संकोच फक्त माणसाचा.

आधुनिक वैद्यकात हे काम १९५८ साली कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये झालं. बेन आयझमन नावाच्या सर्जनकडे अँटिबायोटिकनंतर आतड्याला भयंकर सूज आलेले चार रुग्ण होते. त्याने निरोगी माणसांच्या मलाचा एनिमा दिला आणि चौघेही काही दिवसांत उठून बसले. मजा म्हणजे आयझमनने गुन्हेगार ओळखला तो चुकीचा. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याचा संशय स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्याच जिवाणूवर होता. या रोगामागे सी-डिफ आहे हे कळायला १९७८ उजाडलं. चोर सापडायच्या वीस वर्षं आधी चोरीचा माल परत आणणारा हा माणूस. पण व्हँकोमायसिन हाताशी होतं, ते स्वच्छ बाटलीत मिळत होतं, आणि एनिमा मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला तो आम्स्टरडॅमच्या एका चाचणीमुळे. तिचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं पुन्हा उलटलेले १२० रुग्ण घ्यायचे असा बेत होता. ४३ झाले आणि चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण मल न मिळालेल्यांना असं मागे ठेवणं योग्य दिसेना. मलरोपण झालेल्या १६ जणांपैकी १३ पहिल्याच खेपेला बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेला. नुसतं व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ जणांपैकी फक्त चार. चाचणी छोटी होती, पण तिच्यातला फरक बघायला भिंग लागत नव्हतं.

इथवर विरजणाची उपमा छान चालली, म्हणून तिला एक धक्का देतो. जर्मनीत कील इथल्या डॉक्टरांनी २०१७ साली मलाचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढलं की जिवाणू वरच राहिले. खाली आलेलं ‘निर्जंतुक’ पाणी सी-डिफच्या पाच रुग्णांना दिलं, आणि पाचही जणांचे जुलाब थांबले. म्हणजे विरजणाच्या गोळ्याशिवाय, नुसत्या निवळीवर दही लागल्यासारखं! त्या निवळीत जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, जिवाणूंनी बनवलेली रसायनं असतात, पित्ताम्लं असतात. काम नेमकं कोण करतं, याचा वाद अजून मिटलेला नाही. पाच रुग्णांवरून सिद्धांत उभा राहत नाही, पण ‘चांगले जिवाणू आत गेले आणि माणूस बरा झाला’ एवढं सोपं चित्र काढायलाही आता मन धजत नाही.

सी-डिफमधलं हे यश पाहून सगळ्यांना वाटलं, की आता मधुमेह, स्थूलता, स्वमग्नता (ऑटिझम), यकृताचे विकार, सगळ्यावर हेच. इथे माझं मत थोडं कडवट आहे. सी-डिफ हे मोकळ्या मैदानाचं दुखणं. बाकीच्या बहुतेक आजारांत मैदान भरलेलं असतं. नासलेल्या दुधात कितीही उत्तम विरजण घाला, दही लागत नाही. आम्स्टरडॅमलाच २०१२ साली चयापचय बिघडलेल्या पुरुषांना सडपातळ दात्यांचा मल दिला. सहा आठवड्यांनी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, पण तो टिकला नाही. ऑटिझमच्या एका गाजलेल्या प्रयोगात १८ मुलं होती आणि तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला ऑटिझम असलेल्या मुलांचा दुसरा गटच नव्हता. त्यावर आईवडिलांनी आशेचे इमले बांधू नयेत.

मधला मुक्काम अल्सरेटिव्ह कोलायटिसचा आहे. यात मोठ्या आतड्याला कायमची सूज असते, रक्ती जुलाब होतात. कॅनडात हॅमिल्टन इथे ७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) मलाचा एनिमा घेतलेल्या ३८ जणांपैकी नऊ जणांचा आजार शमला, नुसत्या पाण्याचा एनिमा घेतलेल्या ३७ जणांपैकी दोघांचा. खरी गोष्ट पुढे आहे. त्या नऊ जणांतले सात एकाच दात्याचे लाभार्थी होते. अहवालात तो ‘दाता बी’ एवढ्याच नावाने येतो. त्याच्या पोटात असं काय होतं? कोणाचं विरजण घट्ट लागतं आणि कोणाचं तार धरतं हे आजीला चव बघून कळायचं. मलाच्या बाबतीत अशी आजी अजून कोणी झालेलं नाही.

याच धाग्यावर दिल्लीच्या एम्समधला प्रयोग मला फार आवडला. विनीत आहुजा यांच्या गटाने दाते निवडले ते ग्रामीण भागातले, आणि रुग्णांना मलरोपणाबरोबर सूज कमी करणारा आहारही दिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत आठ आठवड्यांनी ६० टक्के रुग्णांची लक्षणं शमली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३२ टक्के. विरजणाबरोबर दुधाकडेही लक्ष दिलं, असं मी त्याचं वर्णन करेन. भारतीय आतड्यांची जडणघडण पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी आहे, प्रिव्होटेला गटातल्या जिवाणूंचं प्रमाण आपल्याकडे जास्त आढळतं, हे इथल्या अभ्यासांतून दिसलं आहे. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. भाकरी-भाजी-डाळीवर पोसलेल्या आतड्याला बॉस्टनच्या फ्रीजरमधला नमुना किती मानवेल, हा प्रश्न म्हणूनच गमतीचा नाही.

आणि धोकेही गमतीचे नाहीत. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला: प्रतिकारशक्ती खालावलेल्या दोन रुग्णांना मलरोपणातून औषधांना दाद न देणारे ई. कोलाय गेले आणि त्यातला एक दगावला. दोघांसाठी वापरलेला मल एकाच दात्याचा होता आणि त्या विशिष्ट जिवाणूसाठी तो तपासलेला नव्हता. दुसरी एक नोंद वेगळ्याच तऱ्हेची. सी-डिफ झालेल्या ३२ वर्षांच्या बाईला तिच्या मुलीचा मल दिला. सी-डिफ गेला, पण सोळा महिन्यांत बाईचं वजन सुमारे १५ किलोंनी वाढलं. मुलीचंही वजन वाढत चाललेलं होतं. एकाच माणसाची गोष्ट, कारण वेगळंही असू शकेल, पण त्यानंतर जाड दाता घ्यायला डॉक्टर कचरू लागले. हे सगळं घरी मिक्सर आणि एनिमाची पिशवी आणून करण्याचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. कृपा करून त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि ‘आमच्या पंचगव्यात हेच तर सांगितलंय’ म्हणणाऱ्यांसाठी: गाईच्या पोटातली वस्ती गवत आंबवायला बसवलेली असते, माणसाची वेगळ्या कामाला.

दरम्यान किळस कमी करायचं काम औषध कंपन्यांनी अंगावर घेतलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘रेबायोटा’ या गुदमार्गे द्यायच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये ‘व्हाउस्ट’ या कॅप्सुलांना. दिवसाला चार, सलग तीन दिवस. दात्यांच्या मलातून वेगळे काढलेले बीजाणू त्यांत असतात. चाचणीत आठ आठवड्यांत १२ टक्के रुग्णांचं दुखणं उलटलं, खोट्या कॅप्सुला घेतलेल्यांत ४० टक्के. दोन्ही औषधं सी-डिफ पुन्हा उलटू नये एवढ्याचसाठी आहेत, बाकी कशासाठी नाहीत.

दात्याचा हा सगळा घोळ टाळायचा एक मार्ग न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात चोखाळला गेला. बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या रुग्णांना इतकी अँटिबायोटिक्स द्यावी लागतात की आतडं उजाड होतं. तिथे २५ रुग्णांचा मल प्रत्यारोपणाआधीच गोठवून ठेवला होता. प्रत्यारोपण स्थिरावल्यावर त्यांतल्या १४ जणांना त्यांचाच मल परत दिला, ११ जणांना नाही. २०१८ च्या अहवालाप्रमाणे त्या १४ जणांच्या पोटातली वस्ती पुन्हा पूर्वीच्या वळणावर आली. दही संपत आलं की शेवटचा चमचा कोणी खायच्या आत वाटीत काढून ठेवतात, तसं.