प्री-ऑर्डर : पैसे नेमके कापायचे कधी? (पार्श्वभूमी)

पुढचा माल कुठला बनवायचा ते गिऱ्हाईकांना आधीच विचारायचं आणि ऑर्डरही आधीच घ्यायची, यातला अर्धा भाग आपल्याला जुनाच आहे. जाडजूड कोश, खंडांचे संच आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीवरच निघत आलेत, आधी पैसे भरा, पावती जपून ठेवा, पुस्तक आलं की न्या. फक्त पुस्तक कुठलं काढायचं ते तिथे ठरलेलंच असायचं.

निवडीचा भाग आला ऑनलाइन यादीतून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युद्धाचे बोर्डगेम काढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने पी500 नावाची योजना सुरू केली. असे गेम घेणारे थोडे, आणि नकाशे, पुठ्ठ्याच्या शेकडो सोंगट्या, कार्डं छापायचा खर्च मोठा, त्यामुळे एक अंदाज चुकला तरी गोडाऊन भरून पैसा अडकतो. म्हणून त्यांनी अजून न छापलेल्या गेमची यादी साइटवर टाकली, प्रत्येक नावासमोर ऑर्डरचा आकडा, आणि आकडा 500 च्या वर गेला की तिथे ‘मेड द कट’ (म्हणजे निवडीत पास) असं लिहून यायचं, मग चित्रांचं आणि शेवटच्या डेव्हलपमेंटचं काम जोरात सुरू. ऑर्डर देणाऱ्याला भावात चांगली सूट.

आता वादाचा मुद्दा. पी500 मध्ये कार्डाचा नंबर ऑर्डर देतानाच घ्यायचा, पण पैसे कापायचे गेम पाठवायच्या सुमारास, मग मध्ये दोन वर्षं जावोत की चार. तोवर ऑर्डर कधीही रद्द करता येते. म्हणजे ही ऑर्डर आहे की नुसतं मत? शब्द एकच, ‘प्री-ऑर्डर’, आणि त्यात तीन वेगळे व्यवहार कोंबलेत: पैसे आत्ता, पैसे नंतर, आणि पैसे नाहीतच, फक्त ‘आवडलं’ म्हणून क्लिक. मला विचाराल तर पी500 ने बरोबर जागा पकडली. कार्ड दिलंय म्हटल्यावर माणूस विचार करूनच बटण दाबतो, आणि गेम निघालाच नाही तर त्याचा एक पैसाही अडकलेला नसतो. शीतयुद्धावरचा ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ याच यादीतून 2005 मध्ये बाहेर पडला, आणि पुढे 2016 च्या सुरुवातीपर्यंत बोर्डगेमवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या साइटवर कित्येक वर्षं पहिल्या नंबरावर होता.

बाकीच्यांनी वेगळे रस्ते धरले. लेगो या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांसाठी 2008 मध्ये जपानात लोकांनी सुचवलेल्या डिझाइनवर मतदानाची योजना आली, 2011 पासून जगभर, 10,000 मतं मिळाली की कंपनी विचार करणार. पण मत फुकट, त्यामुळे 10,000 गाठूनही बरेच सेट आतल्या समितीत नापास होत राहिले आणि मतं गोळा करणारे हिरमुसायचे. अशाच नाकारलेल्या डिझाइनमधून 2021 मध्ये खरी प्री-ऑर्डर उघडली, निदान 3,000 ऑर्डर आल्या तरच सेट बनणार. पहिल्याच फेरीत इतकी झुंबड उडाली की साइट धापा टाकायला लागली.

2009 नंतर क्राउडफंडिंग (वस्तू बनवायला लोकांकडूनच आधी पैसे गोळा करणं) पसरलं आणि घोळ वाढला. तिथे साधारणपणे लक्ष्य गाठलं असेल तर मुदत संपली की पैसे कापतात, वस्तू मात्र पुढे कधीतरी. लोक दुकानात घ्यावं तसं घ्यायला लागले, शेवटी 2012 मध्ये त्यातल्या सगळ्यात मोठ्या साइटला ‘आम्ही दुकान नाही’ असं जाहीर लिहावं लागलं.

आपल्याकडे पी500 जसंच्या तसं उचलता येत नाही, आणि अशी योजना आखणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवता येत नाही, टोकन (कार्डाच्या नंबराऐवजी वापरायचा बदली कोड) असलं तरी पैसे कापताना साधारणपणे ओटीपी लागतोच. म्हणजे दोन वर्षांनी गिऱ्हाईकाला पुन्हा लिंक पाठवायची आणि तो ओटीपी टाकेल अशी वाट बघायची, तोवर त्याने फोन नंबर बदलला असेल तर संपलंच. आयपीओच्या शेअरसाठी अर्ज करताना यूपीआयवर पैसे ब्लॉक होतात तशी सोय जवळची वाटते, पण ती थोड्या दिवसांसाठी ठीक, दोन वर्षं कोण स्वतःचे पैसे गोठवून ठेवणार?