पॅनिंग : धावत्या बाइकचा फोटो काढायची पद्धत

पॅनिंग म्हणजे पळणाऱ्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत फिरवतच फोटो काढणं. शटर उघडं असतानासुद्धा कॅमेरा थांबवायचा नाही, म्हणजे बाइक आणि रायडर स्पष्ट येतात आणि मागची झाडं, कुंपण, माणसं सगळी आडव्या रेघा होऊन जातात. रेस ट्रॅकवर मोटरसायकलींचे फोटो काढायला शिकताना आधी हेच शिकायला पाहिजे, पण बहुतेक जण उलटं करतात, शटर (ते किती वेळ उघडं राहतं तो आकडा) 1/2000 सेकंदावर टाकतात, बाइक थिजवतात आणि घरी येऊन बघतात तर दीडशेने गेलेली गाडी दारात स्टँडवर लावल्यासारखी दिसते, चाकातला आरा न् आरा मोजून घ्या.

असं का होतं त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी 180 किमी म्हणजे सेकंदाला 50 मीटर. 1/1000 सेकंदात बाइक 5 सेंटिमीटर सरकते, 1/125 मधे 40 सेंटिमीटर. चाकाचा घेर साधारण 2 मीटर धरला तर सेकंदाला 25 फेऱ्या झाल्या, म्हणजे 1/1000 मधे चाक जेमतेम 9 अंश फिरतं, 1/125 मधे मात्र 72 अंश, आणि मग आरे एकमेकांत मिसळून चकती दिसायला लागते. डोळ्याला वेग जाणवतो तो ह्या चकतीमुळे आणि मागच्या रेघांमुळे. म्हणून शिकताना 1/250 पासून सुरुवात करायची, हात बसला की 1/125, आणि 1/60 वर जायचं ते वाया जाणाऱ्या फोटोंची तयारी ठेवूनच. (मोटोजीपीमधे, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतींत, 2023 साली इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकवर रायडर ब्रॅड बाइंडरने ताशी 366.1 किमीचा टॉप स्पीड गाठला, म्हणजे सेकंदाला शंभर मीटरच्या वर. तिथे हे आकडे बदलतात, पद्धत तीच राहते.)

ही हौस जुनी आहे. फ्रेंच फोटोग्राफर जाक आन्री लार्तीग ह्याने 1912-13 च्या सुमारास रेसिंग कारचा एक फोटो काढला, त्यात गाडीचं चाक पुढे कललेल्या अंड्यासारखं दिसतं आणि मागची माणसं उलट्या बाजूला कललेली. त्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक सरकणारी फट होती, फोटोचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी उमटायचा, त्यात त्याने कॅमेराही फिरवला होता पण गाडीच्या मानाने कमी. म्हटलं तर फसलेलं पॅनिंग, पण वेग दाखवायचा तर आजही लोक तोच फोटो दाखवतात. आत्ताच्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर लावून बघा, तेही फोटो ओळीओळीने उमटवतं, म्हणून जवळपास तसंच तिरकं होतं, म्हणून पॅनिंगला मेकॅनिकल शटर बरं.

कोकणातून शिकताना

कोकणात रेस ट्रॅक नाही. सगळ्यात नामांकित ट्रॅक लांब आहेत : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.7 किमीचा, कोइंबतूरचा कारी स्पीडवे 2.1 किमीचा, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे सप्टेंबर 2023 मधे मोटोजीपी झाली आणि मार्को बेझेक्की जिंकला. रत्नागिरी-कुडाळवाल्याला त्यातल्या त्यात कोइंबतूर सोयीचं, कोकण रेल्वेने मंगळूरवरून शोरणूर आणि तिथून पालक्काडमार्गे. पण वर्षातून एकदा एवढं लांब जाऊन तिथे हात बसवत बसणं परवडत नाही, हात आधी घरी बसलेला पाहिजे.

आणि तो घरी बसतो. कॅमेऱ्याला गाडीचा स्पीड कळत नाही, आपल्याला किती झपाझप वळावं लागतंय एवढंच महत्त्वाचं. 180 च्या वेगाने 25 मीटरवरून जाणारी रेसिंग बाइक आणि 36 च्या वेगाने 5 मीटरवरून जाणारी स्कूटर, दोन्हीला समोरून जाताना कॅमेरा सारखाच वळवावा लागतो, सेकंदाला साधारण 115 अंश. म्हणजे वाडीच्या रस्त्याकडेला गडग्याला टेकून बाजारात जाणाऱ्या स्कूटरी टिपल्या तरी सराव तोच होतो! फरक एवढाच की स्कूटर 50 मिमीच्या लेन्समधे मावते, ट्रॅकवर 250 मिमीची लांब लेन्स लागते, आणि लांब लेन्सवर हाताची तीच चूक पाचपट मोठी दिसते. हे माहीत नसल्यामुळे पोरं मित्राला हायवेवर शंभर-सव्वाशेने बाइक मारायला लावतात फोटोसाठी, तेही जिथे गुरं आडवी येतात अशा ठिकाणी. हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि त्यातून फोटोही बरा येत नाही.

बाकी सराव करायला काय वाटेल ते चालतं. एसटी चांगली शिकवते, कारण ती लांबलचक असते आणि जवळून पॅन केली की ड्रायव्हर स्पष्ट येतो पण मागची खिडकी पुसट, कारण जवळ उभं राहिलं की गाडीचं तोंड आणि शेपूट आपल्या डोळ्यासमोरून वेगवेगळ्या गतीने जातात. बाइकचंही तेच होतं, जवळून वाइड लेन्सने काढलं तर हेल्मेट शार्प आणि टेल पुसट, मागे सरकून लांब लेन्स लावली की अख्खी बाइक शार्प मिळायची शक्यता वाढते. थंडीत किनाऱ्यावर कुरव (समुद्रपक्षी) येतात, ते फुकटचे मॉडेल. आणि पुळणीवरच्या बैलगाडी शर्यती : 2014 ला सुप्रीम कोर्टाने बंद केल्या होत्या, डिसेंबर 2021 ला अटींवर परत परवानगी दिली, मे 2023 ला घटनापीठानेही मान्य केलं. तिथे बैल सरळ रेषेत पळतीलच असं नाही, त्यामुळे बाइकपेक्षा अवघड. गर्दीच्या पुढे जाऊन उभं राहू नये, बैल वळला तर पळायला जागा नसते.

अंगाची ठेवण

खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकणारा माणूस बघा, तो नुसते हात नाही फिरवत, पाय रोवून कमरेतून वळतो. पॅनिंग तसंच आहे. जिथे क्लिक करायचंय त्या दिशेला पावलं ठेवायची, मग कमरेतून वळून बाइक येते तिकडे कॅमेरा लावायचा, कोपरं बरगड्यांना चिकटवायची आणि बाइक लांब असतानाच तिला फ्रेममधे धरून तिच्याबरोबर उलगडत यायचं. क्लिक झाल्यावरही थांबायचं नाही, बाइक निघून जाईपर्यंत वळत राहायचं. नवशिक्याचं सगळं इथेच बिघडतं, बटण दाबताना हात दचकून थांबतो.

फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या वस्तूमागे तो आपणच बदलत राहतो, निकॉन-सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननच्या जुन्या बॉडीत एआय सर्वो. फोकसचा पॉइंट हेल्मेटवर. लेन्सच्या स्टॅबिलायझरला (हाताचं हलणं सावरणारी सोय) पॅनिंगचा वेगळा मोड असेल तर तो लावायचा, म्हणजे तो फक्त वरखाली हलणं सावरतो, नाहीतर काही लेन्स आपल्या वळण्याशीच भांडत बसतात.

ट्रॅकवर कॉर्नरच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही, पडलेली बाइक तिकडेच घसरत येते. मार्शल (ट्रॅकवरचा सुरक्षेचा माणूस) सांगेल ते ऐकायचं, रेस चालू असताना ट्रॅककडे पाठ करून स्क्रीन बघायची नाही. प्रेक्षकांत असाल तर मधे जाळी येते, तेव्हा लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून ॲपर्चर (लेन्सचं भोक) मोठं ठेवलं की जाळी बरीचशी नाहीशी होते.

उजेड आणि हवा

मे महिन्यात भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 ला 1/125 ठेवलं तर ॲपर्चर एफ/16 च्या आसपास, म्हणजे अगदी बारीक, जातं. 1/30 करायचं म्हटलं तर एनडी फिल्टरशिवाय (उजेड कमी करणारी काळसर काच) फोटो पांढराफटक. आणि एफ/16 ला सेन्सरवरचा कण न् कण दिसतो, सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) जांभ्याची तांबडी धूळ तर खास, म्हणून मोकळ्यावर लेन्स बदलू नये. ह्या कामाला खरा उजेड म्हणजे मळभ, किंवा सकाळी आठ-साडेआठपर्यंतचा.

कोकणात कॅमेऱ्याचं खरं दुखणं वेगळंच आहे, खारा वारा आणि दमट हवा. किनाऱ्यावरून आल्यावर बॉडी ओलसर फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायची. पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवलेल्या लेन्सला आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती काचेचं कोटिंग खाते. माझी एक 70-300 मिमीची लेन्स अशीच गेली, गणपतीला बाहेर काढली तोवर उशीर झाला होता. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या दर थोड्या दिवसांनी तापवून परत कोरड्या करायच्या, एवढ्याने भागतं.