इच्छामरण आणि दयामरण

बरा न होणारा आजार किंवा कायमची बेशुद्धी यांत अडकलेल्या माणसाचे आयुष्य संपवणे, अथवा ते नुसत्या यंत्रांच्या आणि नळ्यांच्या आधाराने लांबवत न राहणे, यासाठी मराठीत दोन शब्द आहेत : इच्छामरण आणि दयामरण. वर्तमानपत्रे ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण इच्छा मरणाऱ्याची असते आणि दया मागे राहणाऱ्यांची. भारतात या विषयावर जो वाद झाला तो बहुतेक सगळा याच फरकावरून झाला, मग न्यायालयात त्याला नाव काहीही मिळो.

इच्छामरण हा शब्द आपल्याकडे महाभारतातून आला. शंतनूने भीष्मांना दिलेला वर इच्छामरणाचा होता, आणि शरपंजरी पडून ते उत्तरायणाची वाट पाहत राहिले. त्यामुळे या शब्दाला एक वीरश्री चिकटलेली आहे. प्रायोपवेशन, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडणे, जैनांची तशीच सल्लेखना, आळंदीची संजीवन समाधी या परंपराही त्याच बाजूच्या : शुद्धीत असलेला माणूस स्वतः ठरवतो आणि भोवतालचे लोक त्याला हात जोडतात. महाराष्ट्राने विसाव्या शतकातही हे पाहिले आहे. वि. दा. सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत अन्न, पाणी आणि औषधे सोडली व २६ तारखेला त्यांचे निधन झाले. विनोबा भावे यांनी पवनारच्या आश्रमात औषध आणि आहार नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. सल्लेखना मात्र न्यायालयात गेली. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५मध्ये ती आत्महत्येसमान ठरवली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याला बोलता येत नाही, मग वर मागणे दूरच.

कायदा आणि वैद्यक ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ असे दोन प्रकार मानतात. प्राणघातक इंजेक्शन देणे हा पहिला, तर व्हेंटिलेटर काढणे, नाकातली नळी काढणे किंवा नवे उपचार सुरूच न करणे हा दुसरा. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी २००२मध्ये, तर कॅनडाने २०१६मध्ये सक्रिय प्रकाराला अटींसह मान्यता दिली. स्वित्झर्लंडमध्ये औषध रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यावे लागते, आणि मदत करणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसेल तर तो गुन्हा ठरत नाही. भारतात सक्रिय प्रकार आजही गुन्हाच आहे. अठरा वर्षांवरील माणसाने स्वतः संमती दिली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो, इतकीच काय ती सवलत.

वॉर्ड क्रमांक ४

भारतातला आजचा कायदा परळच्या केईएम रुग्णालयातल्या एका खाटेभोवती घडला. अरुणा शानबाग या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या, केईएममध्ये परिचारिका. त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरशी त्यांचे लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या पुन्हा पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि चोरी एवढ्यापुरताच. बलात्काराचे कलम लागलेच नाही आणि आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. उपचार थांबवण्याला कुणी विश्वासघात म्हणणार असेल, तर या प्रकरणात तो शब्द आधी इथे वापरायला हवा.

पुढची बेचाळीस वर्षे अरुणा वॉर्ड क्रमांक ४ला लागून असलेल्या खोलीत होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना आंघोळ घालणे, कूस बदलणे, कालवलेले जेवण चमच्याने भरवणे चालू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी २०११मध्ये त्यांना तपासले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या अंगावर त्यांना एकही शय्याव्रण आढळला नाही. खोलीत माणसे वाढली की त्या ओरडत आणि गर्दी कमी झाली की शांत होत. त्यांना मासे आवडतात असे परिचारिका सांगत. आता या बारीकसारीक खुणांचा अर्थ काय लावायचा? एका बाजूच्या लेखी त्या जगण्याच्या खुणा होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या लेखी निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया.

अरुणांवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : हे भरवणे थांबवा, त्यांना शांतपणे जाऊ द्या. त्यांनी स्वतःला अरुणांची वादमित्र, म्हणजे तिच्या वतीने बोलणारी जवळची व्यक्ती, म्हणून पुढे केले. केईएमच्या परिचारिका आणि अधिष्ठाते यांनी कडाडून विरोध केला. दोन्ही बाजू अरुणांवरच्या प्रेमाची भाषा बोलत होत्या आणि दोन्ही बाजूंना दुसरीचे प्रेम क्रूर वाटत होते. अशा विषयावरच्या कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांतही याच जागी दोन तट पडतात. नळी काढणारा हात प्रेमाचा मानायचा की दगाबाजीचा, हे मजकुरावर कमी आणि वाचणाऱ्याने घरात कुणाचे आजारपण काढले आहे यावर जास्त अवलंबून असते. या प्रकरणात तर मजकूरही तोकडा होता. अरुणांनी स्वतः या बाबतीत कधी काही म्हटल्याची नोंदच नव्हती.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. निकालपत्राची सुरुवात गालिबच्या शेराने होते. अरुणांची खरी वादमित्र विराणी नव्हेत, त्यांना रोज भरवणारा केईएमचा कर्मचारीवर्ग, असे न्यायालयाने ठरवले आणि याचिका फेटाळली. पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला देशभर वाट मोकळी केली. तेव्हाची अट एवढीच, की दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी. उद्या केईएमच्या लोकांचेच मत बदलले तर त्यांनीही मुंबई उच्च न्यायालयात जावे, असेही नमूद केले. त्यांचे मत बदलले नाही. निकालाच्या दिवशी वॉर्डात मिठाई वाटली गेली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचा मृत्यू झाला. ज्या बाईच्या नावाने हा हक्क ओळखला जातो तिला तो मिळाला नाही, आणि तिला तो हवा होता का हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

कागदावरची इच्छा

पुढचा टप्पा दयेकडून इच्छेकडे गेला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. याला मृत्युपत्र म्हणणे चुकीचे. मृत्युपत्र मेल्यावर उघडते, हे मरायच्या आधी उघडावे लागते.

सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की कागद तयार करणे जवळजवळ अशक्य होते. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हा त्यातला मोठा अडसर. जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ही पद्धत सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते. वेळ आली की उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते, आणि दुसरे मंडळ ते तपासते. इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. ती घ्यायला कुणी नेमलेलेच नव्हते, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात महापालिका व नगरपालिकांमधून असे अभिरक्षक नेमले गेले.

या कागदात आणखी एक रकाना असतो : मला बोलता येईनासे झाले तर माझ्या वतीने कोण बोलेल. २०२३पासून तिथे एकाहून अधिक नावे लिहिता येतात. नावे लिहिताना घरात जे रुसवेफुगवे होतात त्यांची तरतूद कोणत्याही निकालपत्रात नाही.

निरोगी पण वृद्ध, मागे कुणी नसलेल्या माणसांची मरणाची मागणी यात बसत नाही. मुंबईतल्या एका अपत्यहीन दांपत्याने राष्ट्रपतींकडे तशी परवानगी मागितली तेव्हा त्यावर पुष्कळ लिहून आले, कायदा हलला नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये ते पुन्हा वैध केले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते त्या रूपात उरलेले नाही. तरीही आत्महत्या आणि उपचार थांबवणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या आहेत.

प्रत्यक्षात बहुतेक घरे या कशाच्याच वाटेला जात नाहीत. बिल वाढत असते, डॉक्टर ‘आता काही सांगता येत नाही’ म्हणतात, थोरला मुलगा जिन्यात उभा राहून गावच्या काकांना फोन लावतो. मग कुणीतरी म्हणते, घरी नेऊ. मुलगा फॉर्मवर सही करतो, फॉर्मवर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असा शिक्का बसतो, आणि रुग्णवाहिकेत ऑक्सिजनचा सिलिंडर गावाच्या वेशीपर्यंत पुरेल का, हे ड्रायव्हरला विचारले जाते.